अर्ध्या तोंडाचा लेप

"काम तुमचं उत्तम आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. फक्त सोमवारी येताना जरा टवटवीत दिसा," साहेब म्हणाले आणि फार मोठी मदत केल्यासारखे हसले.

भिंगरीने "हो सर" म्हटलं, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरता उतरता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टवटवीत! ती काय भाजीची जुडी होती, पाणी मारून ठेवायला?

भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. आता ती एका जागी इतकी ठरायची की दादाने ते कापून 'भिंग' केलं होतं, कारण कुठलीही गोष्ट डोळ्यांजवळ नेऊन बघितल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. तो तिच्या स्वभावाचा भाग होता आणि पोटापाण्याचाही. रंगाच्या कारखान्यात ती रंगजुळणीचं काम करायची. कुणी जुन्या दाराचा निघालेला पोपडा घेऊन येई, कुणी पडद्याचं कापड, एकदा तर एक गृहस्थ नुसतं बटण घेऊन आले होते. तसाच रंग बनवून द्यायचा. नमुन्याच्या शेजारी नवा रंग लावायचा, मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत थेंब थेंब घालत राहायचं. "एकटा रंग बघून काही कळत नाही, शेजारी दुसरा लागतो," हे तिचं नेहमीचं वाक्य होतं.

हे सगळं चालायचं मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. तिथे एक करडी पेटी होती, आत वेगवेगळे दिवे. एक दिवसासारखा, एक दुकानासारखा, एक घरातल्यासारखा पिवळा. प्रत्येक जुळणी तिन्ही दिव्यांखाली तपासायची, कारण एका दिव्याखाली जुळे वाटणारे रंग दुसऱ्याखाली सावत्र निघतात. पेटीवर भिंगरीनेच ठळक अक्षरांत पाटी लावली होती: 'घरच्या दिव्याखाली रंग जुळवू नये.' नवीन आलेल्या प्रत्येकाला ती ही पाटी मोठ्याने वाचायला लावायची.

आता दर्शनी भागात नवा सल्ला कक्ष उघडणार होता. मोठी खिडकी, आलेल्या ग्राहकाला समोर बसवून रंग निवडून द्यायचे, आणि मुख्य म्हणजे नोकरी कायमची. भिंगरी कितीतरी वर्षं कंत्राटावर होती. दर वर्षी मुदत संपत आली की तिची झोप उडायची. या जागेसाठी दोघांची नावं पुढे गेली होती, आणि सोमवारी मुलाखत होती. दुसरा होता पॅकिंग विभागातला एक हसतमुख मुलगा, ज्याला मोतिया आणि फिकट पिवळा यांतला फरक सांगितला तर तो म्हणायचा, "दोन्ही छानच आहेत की!" पण तो टवटवीत होता. जन्मतःच असावा.

घरी येऊन तिने हे सगळं आईला सांगितलं. आईने साहेबांचा उद्धार करावा एवढीच अपेक्षा होती.

आई म्हणाली, "खोटं नाही बोलला गं तो."

"आई!"

"अगं, डोळ्यांखाली बघ जरा. दिवसभर त्या खोक्यात डोकं घालून बसतेस. रविवारी सुट्टी आहे ना, काहीतरी लाव तोंडाला."

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते मावशीला विचार."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. समोरच्या इमारतीत राहायची, म्हणजे झोपायला तिकडे जायची. बाकीचा वेळ ती यांच्याच घरात असायची आणि मतं देत असायची. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, पण टेप कधी हातात धरली नाही. समोरच्याकडे एक डोळा बारीक करून बघायची आणि कात्री चालवायची. तिने शिवलेले कपडे बहुतेकांना बसत. भिंगरीला कधी बसले नाहीत.

"त्यात काय आहे?" मावशी म्हणाली. "ओट्स घे, दही घे, मध घे, चिमूटभर हळद. पार्लरवाल्या याचेच डोंगराएवढे पैसे उकळतात."

"ओट्स किती?"

"अंदाजाने."

"म्हणजे किती?"

"लागेल तेवढे."

"किती लागतील हेच विचारतेय मी!"

"चेहऱ्याला पुरतील इतके. अगं, चेहरा तुझा आहे, तुला ठाऊक नको?"

भिंगरीने कपाळाला हात लावला. रात्री तिने स्वतःच वाचून, शोधून, एकमेकांशी ताडून प्रमाण ठरवलं. स्वस्त आणि साधं. आधी पाय मीठ घातलेल्या कोमट पाण्यात. मग डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. मग लेप. उद्या मी घरात नाही असं समजा, असं तिने सगळ्यांना बजावलं. "मला कुणीही हाक मारायची नाही. आग लागली तरी आधी आपसात विझवून बघा."

रविवार उजाडला. घरात नसलेल्या भिंगरीला सकाळपासून जेवढ्या हाका पडल्या, तेवढ्या असताना कधी पडल्या नव्हत्या. आईला चष्मा सापडेना. दादाला मोज्याची जोडी सापडेना, आणि सापडली तेव्हा दोन्ही मोजे एकाच रंगाचे आहेत का हे तिला विचारायला तो ते घेऊन आला. तिने पाय पाण्यात बुडवले, तोच बाथरूमचं दार धडधडलं.

"भिंग, किती वेळ?"

"आत्ता तर बसलेय!"

"मग ऊठ ना, मला दाढी करायचीय."

"रविवारी कशाला दाढी?"

"तू रविवारी पाय भिजवतेस, मी विचारलं का कशाला?"

ती बादली उचलून गॅलरीत गेली. पाणी तोवर गार झालं होतं. गरम करून आणलं, तर काकडी नाही. फ्रिज उघडला, भाजीचा कप्पा उपसला, काकडी नाही. दादा सोफ्यावर बसून कुरुम कुरुम करत होता.

"दादा, ती काकडी माझ्या डोळ्यांची होती."

"मला काय माहीत? तिच्यावर काही लिहिलं नव्हतं." त्याने उरलेला तुकडा पुढे केला. "एका डोळ्याला पुरेल."

तो तुकडा घेऊन ती स्वयंपाकघरात आली. ओट्स तिने बारीक दळून, वजन करून वाटीत ठेवले होते. दही चमच्याने मोजून. मध मोजून. हळद मात्र तिने सगळ्यांत शेवटी, सुरीच्या टोकावर मावेल इतकीच घातली होती. रंग हा तिचा विषय. हळद किती चढू शकते हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. गॅसवाल्याचा होता, चुकून लागलेला, आणि तो कोण आहे हे तिला पटवून देण्यात त्याने बराच वेळ घेतला.

ती परत आली तेव्हा मावशी ओट्यापाशी उभी राहून वाटीतला लेप मजेत घोटत होती.

"किती चिकट केला होतास! मी जरा सारखा करून ठेवला."

"सारखा म्हणजे? काय घातलंस?"

"काही नाही गं. हात सैल सोडला जरा."

लेप खरोखरच गुळगुळीत आणि चकचकीत दिसत होता. भिंगरीला तिथेच शंका यायला हवी होती. दही आणि ओट्स चकचकीत दिसत नाहीत. चकाकतं ते तेल. पण सकाळपासून तिच्या नाकी नऊ आले होते, आणि कुणाच्याही शब्दाची शहानिशा न करता एक गोष्ट व्हावी असं तिला फार वाटत होतं. तीच गोष्ट ही निघाली.

आता इथे कुणीही शहाणं माणूस लेप तोंडभर फासून मोकळं झालं असतं. भिंगरीने कागदी चिकटपट्टी काढली. कारखान्यात नमुन्याची कड सरळ यावी म्हणून वापरतात तीच. कपाळाच्या मधोमध, नाकाच्या दांड्यावरून, ओठांवरून, थेट हनुवटीपर्यंत तिने पट्टी चिकटवली आणि फक्त उजव्या बाजूला लेप लावला.

आई बघतच राहिली. "हे काय?"

"फरक पडतो की नाही हे कळायला दुसरी बाजू कोरी नको? डावा गाल कंट्रोल आहे."

"तुझा स्वतःवरच कंट्रोल राहिलेला नाही," आई म्हणाली. "अर्ध्या तोंडाला कुणी लावतं का?"

"फरक दिसला की लगेच दुसऱ्या अर्ध्याला लावते. वाटीत आहे ना शिल्लक."

ती गॅलरीतल्या खुर्चीत मागे रेलली. काकडीचा तुकडा एका डोळ्यावर ठेवला, दुसरा डोळा नुसताच मिटला. वारा होता. खालून कुणाच्या तरी रेडिओचा बारीक आवाज येत होता. तिने ठरवलं, लेप सुकू लागला की उठायचं. आणि जिथे क्षणाक्षणाला हाकांचा भडिमार होत होता, त्या घराने नेमकी तेव्हा एकही हाक मारली नाही.

जाग आली ती उजवा गाल ताणल्यासारखा झाला म्हणून. ऊन गॅलरीतून निघून गेलं होतं. काकडी मांडीवर वाळून पडली होती.

"मला उठवलं का नाही?"

"तूच म्हणालीस ना, हाक मारू नका," आई म्हणाली. "म्हटलं, दमलीय बिचारी."

भिंगरीने तोंड धुतलं, पट्टी ओढून काढली आणि गॅलरीच्या उजेडात हातातला छोटा आरसा धरला. आरसा तिने एकदा पुसला. मग पुन्हा पुसला. आरशाचा काही दोष नव्हता. पट्टीच्या या बाजूला तिचा नेहमीचा, थकलेला, प्रामाणिक चेहरा होता. त्या बाजूला लिंबू होतं. मधली रेघ इतकी सरळ आली होती की कामावर असती तर तिने स्वतःची पाठ थोपटली असती.

"मावशी!"

"काय झालं? अगं बाई!" मावशीने तोंडावर हात घेतला. "एवढी कशी चढली?"

"काय घातलंस त्यात? खरं सांग."

"चमचाभर तेल. त्वचा मऊ होते."

"आणि हळद?"

"बरणीच्या तळाशी होती थोडी. म्हटलं, उगाच कशाला ठेवायची."

भिंगरी खुर्चीत मटकन बसली. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान विरघळतो. म्हणजे मावशीने नुसती हळद वाढवली नव्हती, तिला आत शिरायला वाहनही करून दिलं होतं. भिंगरीने हे समजावून सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चांगलंच की. गुण आतपर्यंत गेला."

दादा बाहेर आला, भिंगरीला बघितलं, आणि भिंतीला धरून खाली बसला. "सिग्नलचा पिवळा दिवा! उजवीकडून येणाऱ्यांनी थांबा, डावीकडून येणाऱ्यांनी जा!"

"दादा, उद्या माझी मुलाखत आहे."

तो उठून उभा राहिला. त्याला हे माहीत होतं. दर वर्षी मुदत संपत आली की स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालणारी बहीण त्याने बघितली होती. "साबण लाव," तो एकदम कामाला लागल्यासारखा म्हणाला. "कपड्यांचा आणतो, तो कडक असतो."

"नको, साबणाने ती..." भिंगरी म्हणेपर्यंत आईने ओल्या फडक्याला साबण चोळून ते गालावर फिरवलं होतं. साबणाने हळद लाल होते. बघता बघता लिंबाचं डाळिंब झालं. मावशी किंचाळली, आईने फडकं टाकलं, आणि दादा, ज्याने हसायचं नाही असं ठरवलं होतं, तो उशी तोंडावर दाबून आतल्या खोलीत पळाला. पाण्याने धुतल्यावर डाळिंबाचं पुन्हा लिंबू झालं. मग भिंगरीने आपल्या डोक्याने तेल लावून पुसलं. बराच रंग फडक्यावर आला. उरला तोही काही कमी नव्हता.

"उन्हात बस," आई म्हणाली. "हळदीचा डाग उन्हात उडतो."

हे खरं होतं. आईने सांगितलेली त्या दिवसातली पहिली खरी गोष्ट. फक्त ऊन मावळलं होतं.

"मग दुसऱ्या बाजूलाही हळद लाव," दादा आतून ओरडला. "निदान सारखं तरी दिसेल!"

हे त्या दिवसातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं. भिंगरी वाटी आणायला धावली. वाटी घासूनपुसून पालथी होती.

"लेप कुठे गेला?"

मावशीने पाय हळूच साडीत ओढून घेतले. "टाचांना लावला. वाया जाईल म्हणून."

बरणी रिकामी. कोपऱ्यावरचं दुकान रविवारी संध्याकाळी बंद. शेजारच्या काकू गावाला. भिंगरीला रडावं की मावशीच्या टाचा गालावर घासाव्यात हे कळेना. शेवटी ती बाथरूममध्ये शिरली आणि तिने आतून कडी लावली.

घरातला एकमेव मोठा आरसा तिथे होता. वर दिवा होता. मागच्या महिन्यात दादाने कुठल्याशा सवलतीत खोकंभर दिवे आणले होते, मंद, पिवळे, 'डोळ्यांना शांत वाटतात' म्हणून. घरभर तेच लागले होते. त्या दिव्याखाली भिंगरीने मान वर केली, आणि तिला हायसं वाटलं. डाग पुष्कळ उतरला होता! तेलाने काम केलं होतं तर. दोन गालांत आता थोडासाच फरक होता.

थोडासा फरक म्हणजे तर तिचं रोजचं काम. तिच्या अंगात एकदम जोर आला. काढता येत नाही ना, मग जुळवायचं. तिने कडी काढली आणि डोकं बाहेर काढलं. "आई, कोरा चहा कर, काळाकुट्ट. दादा, गाजर किसून पीळ. मावशी, तू काही करू नकोस. नुसती बस."

मग तिने कापसाच्या बोळ्याने डाव्या गालावर चहाचा हात दिला. सुकू दिला. थोडा गाजराचा रस. पुन्हा चहा. आईची जुनी पावडर वरून हलकीच. थेंब थेंब, थरावर थर, दर थरानंतर मागे सरून, डोळे बारीक करून बघायचं. नाकावरची रेघ हळूहळू विरली. शेवटी ती दिसेनाशी झाली. भिंगरी बाहेर आली आणि दिवाणखान्याच्या दिव्याखाली उभी राहिली.

"सांगा."

आईने चष्मा लावून बघितलं. दादाने वाकून बघितलं. मावशीने एक डोळा बारीक केला. "एकदम सारखं," तिघंही म्हणाली. मावशीने भर घातली, "आणि टवटवीत."

सकाळी ती उजाडता उजाडता निघाली. आंघोळीत फक्त मानेखालीच पाणी घेतलं. बसमध्ये समोरच्या बाईने आधी तिच्या डाव्या गालाकडे बघितलं, मग मान कलती करून उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि मग जागा बदलली. भिंगरीने दुर्लक्ष केलं. लोकांना काय, बघायची सवयच असते.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदार नेहमी झोपाळलेला असायचा. आज तो ताठ उभा राहिला.

"ताई, बरं नाही का?"

"का हो?"

"नाही, कावीळ झाल्यासारखं वाटतंय." तो संकोचला. "पण मी एका बाजूची कावीळ कधी बघितली नव्हती."

भिंगरी धावत सल्ला कक्षात गेली. कक्ष अजून रिकामा होता. कोऱ्या भिंती, मोठी खिडकी, खिडकीतून पांढरा, स्वच्छ, निर्दय उजेड. बाजूला ग्राहकांना घरातला रंग घरासारखा दिसावा म्हणून एक छोटा कोपरा केला होता. पडदा, सोफा, सोफ्याजवळ पिवळा दिवा. आणि भिंतीवर आरसा. आरशात उजवा गाल लिंबू होता, डावा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तपकिरी, आणि नाकावरची रेघ वेडीवाकडी का होईना पण खणखणीत होती.

पिवळ्या दिव्याखाली पिवळं दिसत नाही. काल डाग उतरलाच नव्हता. तो फक्त दिव्यात लपला होता. आणि हिने त्या लपलेल्या डागाला चहा जुळवला होता. 'घरच्या दिव्याखाली रंग जुळवू नये.' पाटीवरची अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर नाचली. तिचीच अक्षरं. इतकी वर्षं तिने ही पाटी लोकांकडून वाचून घेतली, एकदा स्वतः वाचली असती तर!

तिने रुमालासाठी पर्स उघडली. निदान चहा तरी पुसावा. पण दार उघडलं, आणि साहेब आत आले. त्यांच्या मागे विक्रीच्या प्रमुख. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या कमी बोलत म्हणून सगळे त्यांना घाबरत.

साहेबांनी भिंगरीकडे बघितलं आणि त्यांचं हसू अर्ध्यावर गोठलं. मोठ्या बाई शांतपणे खुर्चीत बसल्या. त्यांनी भिंगरीचा एक गाल बघितला, मग दुसरा. बसमधल्या बाईने बघितले तसेच. पण त्या उठून गेल्या नाहीत.

"समजा," त्या म्हणाल्या, "एक ग्राहक भांडायला आलाय. म्हणतो, दुकानात रंग तंतोतंत जुळला होता, घरी भिंतीवर लावला तर ठिगळ दिसतंय. तुम्ही मला फसवलंत. काय सांगाल?"

भिंगरीच्या मनात उत्तर तयार होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं. उजेडाचे प्रकार, रंगद्रव्यांचे प्रकार, सगळं. पण हे तोंड घेऊन तिथे उभं राहून ते बोलायचं म्हणजे साहेबांच्या त्या गोठलेल्या हसण्यासमोर बोलायचं. आणि अचानक तिला सगळ्याचाच मनस्वी वीट आला. टवटवीतचा, अंदाजाचा, काकडीचा, टाचांचा.

"सांगत नाही, दाखवते," ती म्हणाली. "मॅडम, इकडे याल का जरा?"

ती सोफ्याच्या कोपऱ्यात गेली, पडदा ओढला, पिवळा दिवा लावला. "आता माझ्याकडे बघा. दोन्ही गाल सारखे दिसतात?"

मोठ्या बाई जवळ आल्या. "हो. जवळजवळ."

"काल संध्याकाळी हे मी जुळवलं. अशाच दिव्याखाली. घरातल्या तिघांनी पास केलं." तिने पडदा सरकवला आणि खिडकीसमोर उभी राहिली. "आता?"

मोठ्या बाई तिच्यामागून खिडकीपाशी आल्या.

"एका बाजूला हळद आहे, दुसरीकडे चहा. एका दिव्याखाली दोन्ही सारखे, कारण त्या दिव्यातच पिवळा भरपूर आहे. दिवसाच्या उजेडात दोघांचं सोंग उघडं पडतं. ग्राहकाला आम्ही फसवलं नाही, दिव्याने फसवलं. मलासुद्धा. त्यामुळे मी त्यांना आधी विचारेन, तुमच्या खोलीत कुठला दिवा आहे? आणि नमुना घरी नेऊन सकाळी बघा म्हणेन. मी बघितला नाही, आता असं तोंड घेऊन उभी आहे."

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

"पडदा पुन्हा ओढा," मोठ्या बाई म्हणाल्या. भिंगरीने ओढला. "उघडा." उघडला. बाई लहान मुलीसारख्या तीनदा, चारदा हेच करायला लावत राहिल्या, आणि दर वेळी नाकावरच्या रेघेकडे बघत राहिल्या. "आमच्या माणसांना मी हेच आकृत्या काढून समजावते, त्यांना कळत नाही." मग त्या खाली बसल्या. "हळद तेलात कालवली होती?"

"मावशीने."

"आमच्या घरी आत्या होती," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी जुनं, वैतागलेलं सरकून गेलं. "एक तारखेपासून इथे बसा. तोपर्यंत उन्हात बसा."

बाहेर पडल्यावर साहेबांनी तिला जिन्यात गाठलं. त्यांचं हसू पूर्ववत झालं होतं. "बघा! मी म्हटलं होतं की नाही? चेहऱ्यावर थोडी मेहनत घेतली की फरक पडतो."

भिंगरी जिना उतरू लागली.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा आईचे डोळे भरून आले. दादाने तिला उचलून एक गिरकी दिली, अगदी भिंगरीसारखी. मावशी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, टाचा पिवळ्याजर्द. "आला ना गुण माझ्या लेपाला!" ती म्हणाली. "आणि तू माझ्यावर ओरडत होतीस."

भिंगरीने वाद घातला नाही. येताना तिने पांढरा दिवा आणला होता, दिवसासारखा. स्टुलावर चढून तिने बाथरूममधला पिवळा दिवा काढला आणि नवा बसवला. बटण दाबताच खोली लख्ख झाली. टाईलवरचा प्रत्येक डाग, आरशावरचा प्रत्येक शिंतोडा जागच्या जागी दिसू लागला. तिला फार बरं वाटलं.

आई हात धुवायला आत आली, आरशात बघितलं आणि दचकली. "हा कसला दिवा आणलास? यात मी मी नाही, माझी आई दिसते! काढ आधी."

"आई, हा खरा उजेड आहे."

"असेल. मला नको. माझ्या घरात मला बघायला खरा उजेड कशाला?"

"सरक, मला बघू दे," म्हणत मावशी घुसली. "अगं बाई गं," मावशी हळूच म्हणाली. "हे केव्हा झालं?"

भिंगरीने जुना दिवा ओट्यावर ठेवला, त्या दोघींना आरशासमोर सोडलं आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसली. थोडं ऊन उरलं होतं. तिने उजवा गाल तिकडे केला आणि डोळे मिटले. वारा होता. खालून रेडिओ चालू होता.

"भिंगरी!" आतून दोघींची एकदम हाक आली. "येताना हळद आणलीस ना गं?"